मातीवाल्या बाई

बाई झाडाखाली गेल्या की वर बघत नसत. खाली बसत, पाचोळा सारून मूठभर माती उचलत आणि हुंगत. भिलाईच्या आमच्या कॉलेजात त्या हंगामी नेमणुकीवर वनस्पतिशास्त्र शिकवत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. पोरं त्यांना मातीवाल्या बाई म्हणत. दोघीही विदर्भातल्या, त्यामुळे आमच्यात घरचीच बोली चाले.

कॉलेजमागे साजा, म्हणजे आपला ऐन, आणि तेंदूचं जुनं रान होतं. अर्ध्या भागातलं खालचं झुडूप दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. उरलेल्या अर्ध्यात रानहळद, मुसळी, शतावरी दाटलेली. "वर जितक्या तऱ्हेचं उगवते, खाली तितक्या तऱ्हेचे जीव राह्यतेत," बाई मला सांगत.

त्या पावसाळ्यात माळ्याला साप चावला. तो वाचला, पण उरलेलं झुडूपही काढायचं असं प्राचार्यांनी ठरवलं. मजूर कोयते घेऊन आले तेव्हा बाई वाटेत उभ्या. त्यांची नेमणूक दर जूनला प्राचार्यांच्याच सहीने व्हायची. मी त्यांचा पदर ओढला, पण त्यांनी प्राचार्यांकडे अर्धा तास मागितला.

साफ केलेल्या भागात कुदळ खणखणली. घट्ट ढेकळं निघाली, त्यात दोन-चार मुंग्या. इथल्या साजांचे शेंडेही वाळू लागलेत, हे त्यांनी दाखवलं. मग दाट भागात बसून त्यांनी हातानेच माती उकरली. ती रव्यासारखी सुटली. गांडुळं, गोमी, पानांना बिलगलेले बुरशीचे पांढरे धागे. झुडूप गेलं तर या सगळ्यांचं खाणं जाईल, असं त्या सांगत असतानाच पाचोळा हलला.

साप त्यांच्या मनगटापासून वीतभरावर होता. सगळे मागे सरले. बाईंनी हात काढला नाही. तो सरपटत निघून गेला.

"अब बोलिए, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

साप विषारी नव्हता असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. त्यांनी हिंदीत सरळ सांगितलं की साप आहेत, विषारीही आहेत. वाटेच्या कडेचं झुडूप काढा आणि आत कुणाला जाऊ देऊ नका. प्राचार्य मजुरांकडे वळले. मजुरांनी त्या दिवशी फक्त कडा तोडल्या.

पुढच्या जूनच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. मी कोहक्याला त्यांच्या घरी गेले, तर त्या पुस्तकं बांधत होत्या. मला रडू आलं.

"रडतं कावून? रान रायलं ना," त्या म्हणाल्या.

आवाज नेहमीसारखाच होता. पण सुतळीची गाठ त्यांना काही केल्या बसेना. शेवटी मीच ती बांधली.