पातळ पाव

लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या मराठी मंडळाची मीटिंग मी चाळीस मिनिटांत संपवते, पण आमचे एक काका आले की ती संपत नाही. त्यांच्या काखेत प्लास्टिकचं फोल्डर असतं आणि त्यात जुन्या जाहिरातींच्या झेरॉक्स. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत दारूबंदी येऊ नये म्हणून बियरवाल्यांनी त्या छापल्या होत्या. विषय कोणताही असो, काका बोट ओलं करून पान उलटतात, "आता हे बघा." शिवाय दिवाळीच्या जेवणाला दर वर्षी नाव देतात आणि येत नाहीत. माझ्या यादीत त्यांच्यापुढे लाल फुल्याच फुल्या.

परवा चौथा विषय होता, यंदा जेवणाला बार ठेवायचा की नाही.

"आता हे बघा. म्हणे व्हिस्की वाईट, पण बियर म्हणजे पातळ पाव! बाळंतिणीलाही चांगली. आणि बंदी आली तर कामगार उपाशी."

"काका, पावच पातळ, मग वडा कशात घालायचा?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. वीस मिनिटं गेली होती आणि पार्किंगचा विषय बाकी होता.

"काका, एका शब्दात सांगा," मी वैतागले. "बार हवा की नको?"

"नको." त्यांनी फोल्डर मिटलं. "बार दिसला की मला दारातूनच परत जावं लागतं. हेच सगळं मी घरी बायकोला ऐकवायचो हो. बंदी मागणारी ती एकटीच. तिची जाहिरात कोण छापणार? ती गेली, मग दारू सोडली."

मत न घेताच मी 'बार नाही' असं लिहिलं. पार्किंग राहिलंच.