लांबचं भाडं

सोलापूर रोडच्या फाट्यावर आई आणि मी एसटीची वाट बघत उभे होतो. माझ्या पाठीवर एक सॅक, आईच्या हातात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधलेलं फडकं. तेवढ्यात डेअरीवर दूध घालून परत निघालेली शेवंताकाकू आली. काकू आमच्या शेजारची. तिनं रिकामी किटली खाली ठेवली, सॅककडं बघितलं आणि आईला विचारलं, “कुठं निघालं गं पोरगं?”

माझी आई कुणाला उत्तर न देता सोडणारी बाई नाही. पण त्या दिवशी ती नुसती रस्त्याकडं बघत राहिली. मग काकूच हसत म्हणाली, “गुजरातला का? गाडीवर?”

चहाच्या टपरीवर बसलेले दोघंतिघं खाली मान घालून हसले. मी खरोखरच गुजरातला निघालो होतो आणि खरोखरच गाडीवर निघालो होतो. पण ते आईला तोंडानं सांगता येत नव्हतं, कारण ते वाक्य तिनं आधीच वापरून टाकलं होतं. एसटी आली, मी चढलो, आणि आई फडकं माझ्या हातात द्यायचं विसरली. कंडक्टरनं घंटी दिल्यावर ती गाडीमागं पळाली आणि खिडकीतून ते आत टाकलं. माझं गाव सोडणं म्हणजे एवढंच.

हे मी गावाकडच्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे स्टेअरिंग धरून परराज्यात गेले त्यांच्यासाठीही. काकूचं आणि तिच्या पोराचं नाव मी बदललंय. गावातले ओळखतीलच, पण त्यांना तर सगळं आधीपासून ठाऊक आहे.

तर ते वाक्य. आमचं गाव कर्जत तालुक्यात, भीमेपासून थोडं आत. पाऊस आम्हाला ओळख देत नाही, पण नदीत वाळू आहे, आणि वाळूला पावसापेक्षा जास्त गिऱ्हाईक आहे. मी एका वाळूवाल्या शेठच्या डंपरवर होतो. एका पहाटे तहसीलच्या पथकानं जीप आडवी लावली. शेठ फोनवर म्हणाला, थांबायचं नाही. मी थांबलो नाही. पथकातल्या एका कोतवालाच्या पायाला डंपरचा धक्का बसला आणि पाय मोडला. तो माणूस अजून लंगडत चालतो. सांगणारा शेठ असला तरी स्टेअरिंग माझ्या हातात होतं, आणि याबद्दल मी कधी कुणाशी वाद घातलेला नाही. कोर्टात मी शेठचं नाव घेतलं नाही. तीन वर्षं आत गेलो.

त्या तीन वर्षांत कुणी विचारलं की आई सांगायची, “पोरगं गुजरातला हाय, गाडीवर.” दिवाळीला का आला नाही? “लांबचं भाडं लागलंय.” चुलत्याच्या तेराव्याला का आला नाही? “लांबचं भाडं लागलंय.” गावात पोलिसांची गाडी दारात येऊन गेलेली, पेपरात बातमी आलेली, आणि ही बाई पाण्याच्या टाकीवर सगळ्यांसमोर गुजरात सांगतेय. लोकांनी तिला तोंडावर कधी खोटं पाडलं नाही. त्यांनी दुसरंच केलं. ते वाक्य उचललं. कुणाला अटक झाली की टपरीवर म्हणायचे, “गेला का गुजरातला?” कुणी जामिनावर सुटून आला की, “आली का गाडी खाली होऊन?” मी सुटून आलो तेव्हा माझ्या गावात जेलला गुजरात म्हणत होते.

सुटल्यावर मला एकच पाहिजे होतं, परत स्टेअरिंग. दुसरं काही येतच नाही मला. लायसन सोडवायला आरटीओत चपला झिजवल्या आणि मग नगरकडं एका दुधाच्या टँकरवाल्याकडं गेलो. त्यानं मला टँकर मागं घेऊन दाखवायला सांगितलं, अरुंद बोळातून. मी घेतला. माणूस खूश झाला. मग म्हणाला, तेवढा पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला आणून द्या, डेअरीवाले मागतात. मी घरी येऊन आईला सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच.

“चारित्र्य तर बाईचं बघत्यात,” ती म्हणाली. “गड्याचं कव्हापासून बघाय लागले?”

मी हसलो, कारण नाहीतर रडायची वेळ होती. दाखला आला तो माझ्या गुन्ह्याच्या कलमांसकट आला. टँकरवाल्यानं तो वाचून नीट घडी घालून परत दिला, चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. पुढं एमआयडीसीतल्या दोन ठिकाणी, कारखान्याच्या वाहतुकीत, एका शाळेच्या बसवर, सगळीकडं तोच चहा आणि तोच पुढचा महिना. लोक वाईट नव्हते. कुणी अंगावर आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दाखला न मागणारा एकच माणूस होता. शेठ स्वतः घरी आला. नवा डंपर घेतलाय म्हणाला, तुझीच वाट बघत होतो. त्याच्या धंद्यात माझी केस म्हणजे अनुभव होता. घरापासून हाकेच्या अंतरावर काम, रोज आईच्या हातची भाकरी. मी नाही म्हणालो. दोन दिवसांत त्या डंपरवर दुसरा ड्रायव्हर बसला. तो शेवंताकाकूचा दत्ता.

गांधीधामचा पत्ता मला जेलातल्याच एका सोबत्यानं दिला होता. तिथला शेठ म्हातारा, खाटेवर बसलेला. मी ठरवून गेलो होतो की हा दाखला मागायच्या आधी आपणच सांगायचं. सांगितलं. त्यानं विचारलं, “डिझल चोरी?” मी नाही म्हणालो. मग त्यानं विचारलं, “मालिक का नाम बोला था पुलिस को?” मी म्हणालो, नाही बोललो. त्यानं खुंटीवरची किल्ली काढून दिली. इतकी दारं फिरल्यावर हे एक उघडलं, तेही मी सुधारलो म्हणून नाही, गप्प बसलो होतो म्हणून. किल्ली घेताना मला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्ही अजून तशीच आहेत.

आता इथं बरीच वर्षं झाली. ट्रेलर चालवतो. बंदरातून कंटेनर उचलायचा, कधी मोरबीच्या टाइल्स भरायच्या. कच्छ काही परकं वाटत नाही, हीच पंचाईत आहे. इथंही बाजरीच पिकते, फक्त भाकरीला रोटलो म्हणतात. आपल्या माळावरची वेडी बाभूळ इथंही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माजलेली आहे, आणि इथलेही तिला वेडीच म्हणतात. परका मुलूख परका दिसला तर माणूस मनाची तयारी करतो. इथं झाडाकडं बघून क्षणभर वाटतं की पुढच्या वळणावर आपला फाटा येईल, आणि येतो टोलनाका. यार्डात माझी भाषा बोलणारं कुणी नाही. मराठी मी आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो आणि एरवी आरशाशी.

पहिल्या वर्षी आईला फोन केला की तिचं एकच दुखणं. “न्हाई पटत रं कुनाला. मी खरं सांगतीय तर डोळे मिचकावत्यात.” खोटं बोलत होती तेव्हा तिला एवढा त्रास झाला नव्हता. तेव्हा निदान आपण खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं. आता खरं बोलूनही तिची मान खाली जात होती, आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं.

म्हणून सोलापूरचं भाडं लागलं तेव्हा मी ट्रेलर फाट्यावर उभा केला. गाडीला जीपीएस असतो, थांबलं की ऑफिसातून फोन येतो. टायर बघतोय म्हणून सांगितलं. आई नवं लुगडं नेसून आली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आधी गाडीला पूर्ण चक्कर मारली आणि नंबरच्या पाटीपुढं जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिनं टपरीवाल्याला हाक मारली. “हितं काय लिव्हलंय ते वाच. मोठ्यानं वाच.”

“जीजे बारा,” टपरीवाला म्हणाला.

“म्हंजी कुठलं?”

“गुजरातचं, मावशे.”

“व्हय ना?” आई म्हणाली. तेच पुन्हा तिनं टपरीवरच्या प्रत्येकाकडं बघून विचारलं. शेवंताकाकूही किटली घेऊन तिथंच होती. या वेळी ती हसली नाही. आईनं त्या धुळीच्या पाटीला हळदकुंकू लावलं आणि मग कुठं मला जवळ घेतलं. सोलापूरपर्यंत मी शिट्टी वाजवत गेलो. माझ्या आठवणीत अख्ख्या स्थलांतरातला सुखाचा दिवस तो एकच आहे.

यंदा उन्हाळ्यात दत्ताला अटक झाली. तोच डंपर, तीच नदी. या वेळी कोतवालाचा पाय नव्हता, तहसीलचा एक तरुण कर्मचारी होता आणि तो वाचला नाही. शेठ दुसऱ्या दिवशी गावच्या लग्नात फेटा बांधून बसला होता, असं आई म्हणाली. मी सोडलेल्या सीटवर दत्ता बसला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग आईनं पुढचं सांगितलं. पाण्याच्या टाकीवर बायकांनी विचारलं, दत्ता दिसत नाही गं. काकूच्या तोंडून निघून गेलं, “गुजरातला गेलाय, गाडीवर.” आता सगळ्या माझ्या आईकडं बघायला लागल्या. गुजरात आता तिचा होता, पाटी वाचून घेतलेला. ती म्हणाली, “तर. आमच्या अंकुशाच्याच शेठकडं लागलाय. दोघं एका ताटात जेवत्यात.”

मला राग आला. मी म्हणालो, “आई, किती मुश्किलीनं खरं करून घेतलं होतं आपण. आता परत मी जेलातच गेलो की लोकांच्या हिशोबानं.”

आई म्हणाली, “मी तीन वरसं एकटीच बोलत हुते, अंकुशा. एकटीनं बोलाय लई जड जातं. तिला कशाला एकटीला बोलू द्यायचं?”

घर म्हणजे काय, असं इथली ड्रायव्हर पोरं कधी बंदराच्या रांगेत विचारतात. प्रत्येकाचं घर कुठंतरी आहे, तिथं जाऊन हात पाय पसरता येतात. माझं घर म्हणजे आता एक वाक्य आहे. जगात कुठंही मी म्हणालो की मी गुजरातला गाडीवर आहे, तर त्याचा अर्थ एकच होतो. दोन अर्थ होतात ते माझं गाव. आईनं ते माझ्यासाठी एकदा वाकवलं, मी गाडी नेऊन सरळ केलं, आणि तिनं दुसऱ्या बाईसाठी परत वाकवलं. मी तिथं आता कधीच पुरता सुटणार नाही.

परवा दुपारी बंदराच्या रांगेत उभा असताना आईचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, शेवंता हितंच बसलीय, तिला सांग दत्त्या भेटला हुता म्हनून. आणि मी हो म्हणायच्या आत फोन काकूच्या हातात दिला.

“अंकुशा,” काकू म्हणाली, “दत्ता कसा हाय रं?”

काय सांगावं ते मला शोधावं लागलं नाही. मी म्हणालो, “बरा आहे काकू. जेवण वेळेवर मिळतं. पहाटे लवकर उठवतात, त्याचा पहिले काही दिवस त्रास होतो, मग सवय होते. अंथरूण पातळ असतं, जाड चादर पाठवा. आणि भेटायला गेलात तर रडू नका, त्यानं जास्त त्रास होतो.”

भेटायला गेलात तर, हे चुकून निघालं.

“कव्हा येईल?” तिनं विचारलं.

“लांबचं भाडं लागलंय, काकू.”

पुढची गाडी सरकली, मागच्यानं हॉर्न दिला, तरी मी तसाच थांबलो.

“तुजी आईबी मला असंच सांगायची,” काकू म्हणाली. “मी हसायचे.”