आधी ओरडणारे फौजीमामा

रहिमतपूरच्या आमच्या दवाखान्यात पट्टी सुटायची पेशंटची आणि ओरडायचे फौजीमामा. चिकटपट्टीचं टोक चिमटीत धरलं की ओढण्याच्या क्षणभर आधी त्यांच्याच तोंडून "आई गंऽऽ" निघायचं. पेशंट हसायचा, तोवर पट्टी निघालेली असायची.

"मामा, जखम माझी हाय का तुमची?"

"सध्या दोगांची."

फौजेत जखमींची शुश्रूषा करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे ड्रेसिंगला लागले आणि दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहू लागले. बायको वारलेली, मुलगी सांगलीला दिलेली. कोयता लागलेला एखादा दांडगा गडी दात-ओठ आवळून बसला, तर मामा त्याला दटावायचे, "गड्या, बोंबल की! औषध हाय त्ये."

मी तिथली नर्स. मला हे सगळं नाटक वाटायचं. डॉक्टरबाईंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, नाटक नाही. आपल्याला लागलं की मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातले काही दुसऱ्याला लागलेलं बघूनही जागे होतात. रोज बघून बघून आपण ते दाबायला शिकतो. मामा शिकले नाहीत, एवढंच. मी चांगलीच शिकले होते. दिवसभर जखमा धुवायच्या तर शिकावंच लागतं.

मग मामांच्याच पायाला चपलेचा पट्टा घासून जखम झाली. त्यांना साखरेचा आजार होता. पट्टी मी बदलायचे. ओढली, पुसली, दाबून पाहिली; मामा गप्प.

"दुखतंय?"

"चालतंय."

साखरेने पाय बधिर होतात, हे आम्हाला पाठ असतं. बधिर पाय दुखायला लागला तर मात्र पू आत उतरत असतो, पेशंटला त्याच दिवशी साताऱ्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं असतं. दुसऱ्यासाठी एवढा ओरडणारा माणूस स्वतःच्या पायाला गप्प, म्हणजे पाय बधिरच, असा हिशोब मी केला. कागदावर लिहिलं, 'संवेदना नाही.' त्यांच्या डाव्या मुठीत चादरीचं टोक पिळलेलं होतं. ते मला दिसलं होतं. मी म्हटलं, "मामा, चादर फाटेल."

आठवड्याने ताप चढला. साताऱ्याला नेलं, तेव्हा उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापला. लेक त्यांना सांगलीला घेऊन गेली.

महिन्याभराने मी भेटायला गेले. आम्ही बाहेरच्या खोलीत बोलत होतो. आत लेकीने चहाचं पातेलं नुसत्या बोटांनी उचललं. मामांना ते दारातून दिसलं. "आई गंऽऽ," ते ओरडले. लेक आतूनच म्हणाली, "काय न्हाई झालं, आबा."

मग मामा लुंगीच्या रिकाम्या बाजूकडे बोट करून म्हणाले, "पाय न्हाई, तितंच दुखतंय बगा."

मला विचारायचं होतं ते विचारलं. "मामा, मी पट्टी बदलायचे तेव्हा दुखत होतं?"

"व्हय. लय."

"मग बोलला का नाही?"

"आवं सिस्टर, दवाखान्याच्या त्या मागल्या खोलीत रातीचं एकट्यानं एकदा वरडून बगा. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतुया. मग तोंड आपसूक मिटतं. ते पुन्ना उगडत न्हाई."

दोष दिला नाही. चहा निवतोय म्हणाले.

मामा पुढच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्यासारखं ओरडणं मला जमत नाही, मी प्रयत्नही करत नाही. फक्त कागदावर काही लिहिण्याआधी पेशंटचे हात बघते.

मीही एकटीच राहते. परवा कुकरच्या वाफेने मनगट भाजलं. नळाखाली धरलं तेव्हा लक्षात आलं, तोंडातून काहीच निघालं नव्हतं. दुसऱ्या मुठीत ओढणीचं टोक होतं, पार पिळलेलं.