पाणी मानवलं

हमीदचाचांना माणसाचं नाव लक्षात राहायचं नाही, मनगट राहायचं. नांदेडच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना ते मापानं ओळखत. "ती दोन-सहावाली बाई आली होती, विरजण मागून राहिली," असा निरोप ते कुंपणावरून आईला देत. आईला ती बाई बरोबर कळायची, याचं मला अजून नवल वाटतं.

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी घरापुढं लॉन लावलं. दोन खाटा टाकल्या की संपेल एवढंच, पण मिजास बादशाही बागेची. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की सकाळची नमाज आटोपून, लुंगी खोचून, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून ते फवारा उडवत उभे राहायचे. संध्याकाळी मात्र नळाला कुणाला हात लावू देत नसत. एकदा मी पाइप उचलला तर म्हणाले, "नक्को बेटा. दिवसा ऊन, रातच्याला गारवा. सांजच्याला भिजवलं तर गवत सडतंय. लेकराला कुणी ओल्या केसांनी झोपवतं का?" एवढं ज्ञान पाजळूनही लॉनला मधोमध टक्कल होतंच. पाहुणे आले की चाचा तिथं खुर्ची टाकून बसत.

कुंपणाला लागून त्यांचं लिंबाचं झाड होतं. पावसाळ्यानंतर ते त्याला ताण द्यायचे. म्हणजे पाणी तोडायचं, झाडाला तहानेनं मलूल होऊ द्यायचं आणि मग पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरतं. हदगावच्या एका बागवाल्याकडून ही विद्या ते शिकून आले होते. माझे वडील, अण्णा, एसटीत नोकरीला, पण मूळचे मुखेडकडच्या शेतातले. त्यामुळे सकाळच्या चहाला दोघांची या ताणावर चर्चा रंगायची.

मी तेव्हा लातूरला होते. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पुन्हा एक वर्ष क्लास लावला होता. जेवणाचा डबा बहुतेक तसाच परत जायचा. तेच पान कितीदा वाचलं तरी डोक्यात शिरत नव्हतं. मला हे सोडायचं होतं, पण अण्णांना सांगायची हिंमत नव्हती. साऱ्या गल्लीत ते माझी ओळख 'आमची डॉक्टरीणबाई' अशीच करून देत.

त्या दिवाळीला मी घरी आले. सकाळी दोघं कुंपणाशी उभे होते, मी चहा घेऊन गेले. चाचा माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले, म्हणून अण्णा हसून म्हणाले, "वाळलीय थोडी. पण हमीदभाई, पोरीलाही ताण दिलाच पाहिजे. त्याशिवाय फळ धरायचं नाही."

चाचा हसले नाहीत. त्यांनी कप कुंपणावर ठेवला. "हात दे बेटा," म्हणाले आणि माझ्या मनगटाभोवती अंगठा नि बोट धरून बघितलं.

"दोन-चारची पोरगी ही. आता दोन-दोनची बांगडी बी गळून पडंल."

मग त्यांनी अण्णांना लिंबाची पलीकडची बाजू दाखवली. तिकडच्या फांद्या वाळून काटक्या झाल्या होत्या. "फळाच्या आशेनंच पाणी तोडलं म्या. आज सोडतो, उद्या सोडतो, करून राहिलो. अर्धं झाड गेलं. माझं काय अण्णा, लिंबू बाजारात मिळतंय."

एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. अण्णांचा चहा तसाच राहिला. घरात आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला परत जायचंय का लातूरला?" मी नाही म्हणाले, आणि इतक्या महिन्यांचं रडू एकदम बाहेर आलं. दिवाळी सरताच अण्णा एकटेच जाऊन माझी पेटी आणि गादी घेऊन आले. त्यांना ते किती जड गेलं असेल, हे त्यांनी मला कधी कळू दिलं नाही.

मी बी.ए. केलं, आता शाळेत भूगोल शिकवते. चाचांनी मात्र ते अर्धं वाळलेलं झाड तोडू दिलं नाही. सगळे म्हणत, ते गेलंय. चाचा त्याला रोज पाणी घालत राहिले. पुढं जगलेल्या बाजूला लिंबं धरली, तेव्हा पहिलं आमच्याकडं आलं.

चाचांना जाऊन वर्ष होत आलं. यंदा पावसानंतर माझ्या दारातल्या हिरवळीवर सकाळी पाइप धरला तेव्हा अंगठा आपोआप तोंडावर गेला, आणि माझ्या लग्नातला चुडा आठवला. गुडघे दुखत असूनही चाचा तो स्वतः भरायला आले होते. माझा हात हातात घेतला, मनगट चाचपलं, आणि उघडलेला दोन-चारचा डबा बाजूला सारून मुलाला म्हणाले, "हे नक्को. दोन-सहा काढ."

मग शेजारी उभ्या असलेल्या अण्णांकडं मान वर करून बघितलं.

"अण्णा, पाणी मानवलं पोरीला."