एकदाच भरडलेला तांदूळ

"खायले का इकायले?"

धानाचं पोतं घेऊन दवनीवाड्याच्या राईस मिलमध्ये कुणीही आलं, की मयारामभाऊ आधी हे विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत मशीनच्या बटणाला हात लावत नसत. इकायले म्हटलं तर दोन-तीनदा पॉलिश, दाणा पांढराशुभ्र. खायले म्हटलं की एकदाच भरडून पोतं बांधून टाकत. तांदूळ भुरकट राही आणि गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होई.

या गावी शिक्षक म्हणून आलो तेव्हा मी म्हणालो, "खायचाच आहे, पण पांढरा काढा." त्यांनी चार दाणे दाताखाली धरून पाहिले.

"गुरुजी, सारा जीव कोंड्यात रायते. तो बैल खाते, आन चोथा मानूस खाते. शहाना कोन, तुमीच सांगा."

मी नाक मुठीत धरून भुरा तांदूळ घरी आणला. तो शिजेना म्हणून बायको वैतागली, तर दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ सायकलवरून दारात हजर. तासभर भिजवायचा, पाणी जरा जास्त घालायचं, हे त्यांनी ओट्यापाशी उभं राहून दाखवलं. जाताना बजावलं, "पांढरा पावन्यायले, भुरा घरच्यायले." महिन्याभरात मुलं तोच भात मागू लागली.

मयारामभाऊंचं स्वतःच्या घरी मात्र चाललं नाही. मुलीच्या लग्नात त्यांना आपलाच तांदूळ रांधायचा होता. पण भाऊकी आडवी आली. लोक नावं ठेवतील म्हणाली. पंगतीत पांढरा भात वाढला गेला आणि मुलीचा बाप मांडवाच्या कडेला न जेवता बसून राहिला.

"गुरुजी, माह्या तेरवीले तरी माहाच तांदूळ रांधा. तवा लाजाले मी काई नसीन."

मी हसलो आणि शब्द दिला.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मिलच्या धुळीत आयुष्य काढलेली छाती शेवटी थकली. आजारपणातही धापा टाकत त्यांनी तेरवीपुरता तांदूळ भरडून घरात ठेवला होता. भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, मला बोलावलं. समोर सगळी भाऊकी बसलेली.

"ते तुमाले सांगून गेले होते, गुरुजी. कोनता तांदूळ काढू?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. उद्या कुणी नाक मुरडलं तर बोल वहिनींना लागेल, असं मी मनाला पटवलं. खरी भीती मला बोल लागण्याची होती.

"पांढराच बरा दिसेल," मी म्हणालो.

तेरवीला पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा भात कालवत म्हणाला, "तांदूळ बाकी झकास आहे."

दुसऱ्या दिवशी वहिनी ऑटोतून भाऊंनी भरडलेल्या तांदळाची पोती घेऊन स्वतः आमच्याकडे आल्या.

"त्यायचे पावने जेवून गेले, गुरुजी. हा घरच्यायले."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तो तांदूळ आम्ही पुढे कितीतरी दिवस खाल्ला. मुलं मागून मागून खात होती. मीही खात होतो, आणि रोज वाटत होतं, त्या दिवशी नुसतं 'भाऊंचाच काढा' म्हटलं असतं, तर तो माणूस आपल्याच तेरवीत परका झाला नसता.