अठ्ठेचाळीस आकडे

छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासलेली आत्या छापील अक्षरावरही विश्वास ठेवणारी नव्हती. परवा कॉम्प्युटर अपडेट झाला आणि घरादाराचे फोटो असलेली तिची हार्डडिस्क उघडेना. पडदा अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागत होता.

डिस्कला कुलूप घालून देणारा भाचा धावत आला. "किल्ली मी सेव्ह केलीय," तो ऐटीत म्हणाला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा उतरला. किल्लीची फाइल त्याच डिस्कमध्ये होती.

"कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावलंस, शहाण्या!" आत्या कडाडली. तिने शब्दकोशातून एक कागद काढला. कुलूप घातलं त्याच दिवशी तिने सगळे आकडे हाताने उतरवून घेतले होते. भाचा टाइप करायला सरसावला.

"ऊठ. वाचणारा एक, टाइप करणारा दुसरा. छापखान्याचा शिरस्ता आहे."

तो वाचत गेला, तिची बोटं चालत गेली. डिस्क पहिल्याच फटक्यात उघडली. भाच्याचं लक्ष कागदाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे 'बरोबर'च्या तीन खुणा होत्या.

"तीनदा तपासलंस?"

"दोनदा नेहमीचंच," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "तिसऱ्यांदा, कुलूप तू घातलंस म्हणून."