एका गोळीचे आठ भाग

माझ्या मुलीच्या हृदयात जन्मतःच दोष होता. शस्त्रक्रियेसाठी वजन वाढायला हवं, तोवर रोज औषध चालू ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषध म्हणजे मोठ्या माणसांची गोळी. "हिचे आठ भाग करा आणि एक भाग दुधातून द्या," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मसूरडाळीएवढ्या गोळीचे आठ भाग! नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारलं, पातळ औषध मिळेल का? तो म्हणाला, "कंपनी काढत नाही." का काढत नाही? अशी बाळं थोडी असतात, म्हणून. माझी एक होती, तेवढी मला पुरेशी होती.

मी ब्लेडने कापायचे. कधी तुकडा उडायचा, कधी नुसतं पीठ व्हायचं. शेवटी सासूबाईंनी गोळी माझ्या हातातून घेतली. "तुका शाळेत शिकवूक जावचा आसा, तू जा. मिया सहाणेर उगाळतंय. गुटी उगाळतत तशी." आयुष्यभर त्यांनी मासळी विकली, पण गल्लीतल्या प्रत्येक बाळाची गुटी उगाळायला त्यांनाच बोलावणं यायचं. जायफळाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, सगळं बोटांत. गोळीचे त्यांनी तीन वेढे ठरवले. मलाही ते पटलं, हे कबूल करते. निदान चुरा वाया जात नव्हता.

पावसाळ्यात आमच्या कोकणात मीठ पाझरतं, तिथे गोळीची काय कथा! एके दिवशी उघडी राहिलेली गोळी दमट झाली, मऊ पडली आणि त्याच तीन वेढ्यांत किती उतरली कोण जाणे. दुपारी मी घरी आले तर मुलगी गार पडलेली, मान टाकलेली. दूध ओढेना. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सासूबाई तिचे तळपाय चोळत होत्या.

मुलगी वाचली. शुद्धीवर येऊन रडली तेव्हा आम्हीही रडलो. मग तेच डॉक्टर सासूबाईंवर कडाडले, "आजी, हे काय चंदन आहे उगाळायला? तुम्हा लोकांना अक्कल कधी येणार?"

सासूबाईंनी मान खाली घातली. माझं मात्र डोकं फिरलं. पिशवीतली गोळी काढून मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "तुम्ही करून दाखवा आठ भाग."

त्यांनी सुरी मागवली. दोन झाले, चार झाले, पाचव्याला चुरा झाला. त्यांनी तो फुंकर मारून उडवला आणि म्हणाले, "साधारण अंदाजाने द्यायचं." म्हणजे अंदाज त्यांचा असला की उपचार, आमचा असला की अडाणीपणा!

बाहेर एका नर्सने हळूच सांगितलं, कोल्हापुरात एक औषधवाले चिठ्ठीप्रमाणे बाळांसाठी औषध बनवून देतात. चार महिने हे कुणी बोललं नव्हतं.

नवरा आणि मी फोंडाघाट चढून कोल्हापूरला त्यांच्याकडे गेलो. काचेपलीकडे टोपी, हातमोजे घातलेला माणूस काट्यावर पूड तोलत होता. त्याने चिठ्ठी नीट वाचली, बाळाचं वजन विचारलं, डॉक्टरांना फोन करून मात्रा पक्की केली. आम्ही बाकावर बसलो असतानाच बाटली तयार झाली. वर माझ्या मुलीचं नाव, किती द्यायचं आणि कोणत्या तारखेनंतर टाकून द्यायचं. सुई नसलेल्या सिरिंजवर त्याने लाल रेघ ओढून दिली. पूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला कागदाच्या खुणा चिकटवायचा, तसंच. एवढं साधं होतं! त्याचे आभार मानायचे सोडून मी त्याच्यासमोर संतापाने रडले.

दवाखान्यातल्या त्या दिवसापासून सासूबाईंनी सहाण पालथी घालून ठेवली होती. नातीला त्या दुरूनच बघायच्या. उचलून घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "नको गो, माझो हात वायट."

घरी आल्यावर मी बाटली हलवून सिरिंज रेघेपर्यंत भरली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, रेघेवर नख ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग नातीला मांडीवर घेऊन थेंबथेंब औषध पाजलं. तिने मिटक्या मारल्या.

सासूबाईंनी रिकामी सिरिंज माझ्यासमोर धरली. "ह्यां आदी खंय होतां गो?"